घाट उतरणारीं चाकें

मुंबईहून पुण्यास जाणारी सायकलींची जी प्रसिद्ध शर्यत १९४५ सालीं सुरू झाली, तिच्यांत मान दोघांना मिळतो. पुण्यास जो प्रथम पोहोंचतो तो विजयी ठरतो हें उघडच आहे. परंतु खोपोलीपासून वर बोरघाटाची अवघड चढण जो सर्वांच्या आधीं पार करतो, त्यालाही 'घाटाचा राजा' असा किताब देण्याची रीत या शर्यतींत पडलेली आहे. शर्यतीला मध्यंतरीं अनेकदां खंड पडला, तरी हा किताब लोकांच्या स्मरणांत राहिला. युरोपांतील रीतही याहून निराळी नाहीं. फ्रान्स देशाची प्रदक्षिणा करणाऱ्या 'टूर द फ्रान्स' या शर्यतींत १९३३ सालापासून डोंगर चढण्यांत सरस ठरणाराचा स्वतंत्र गौरव होत आला आहे, व १९७५ पासून तो स्वार पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेला सदरा अंगांत घालून तो मान मिरवीत असतो.

डोंगर चढणाराला राजपद आणि डोंगर उतरणाराला कांहींच नाहीं, हा न्याय प्रथमदर्शनीं योग्यच वाटतो. चढतांना माणूस आपल्या पायांच्या बळावर चढतो. उतरतांना पृथ्वीच त्याला खालीं ओढून नेते, तेव्हां त्यांत त्याचा पराक्रम तो काय, असें सामान्यतः समजलें जातें. पण सह्याद्रीच्या पायथ्याशीं ज्यांनीं जन्म काढला, त्यांना हें मत सहसा मान्य होणार नाहीं. बोरघाटाच्या वाटेवर समुद्राच्या बाजूस पनवेल हें गांव आहे. या गांवाचा व त्या घाटाचा गेल्या दोन-अडीचशें वर्षांचा इतिहास पाहिला, तर असें दिसून येतें कीं, घाट चढण्याचा प्रश्न माणसानें, बैलानें आणि इंजिनानें बळाच्या जोरावर सोडविला. घाट उतरण्याचा प्रश्न मात्र नुसत्या बळानें कधींच सुटला नाहीं. तो सुटला आवरण्याच्या युक्तीनें. उताराचा इतिहास हा खरोखर आवर घालण्याच्या साधनांचा इतिहास आहे; आणि डोंगरउतारावरून सायकली सोडण्याच्या ज्या शर्यती आज जगभर होतात, त्या याच इतिहासाचें अलीकडचें पान होत.

पनवेल हें आज मोठें शहर आहे. १८५२ सालीं तेथें नगरपालिका स्थापन झाली आणि २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या गांवाचें महत्त्व निराळ्याच कारणामुळें होतें. पुण्यास जाणारा उतारू मुंबईच्या धक्क्यावर होडींत बसे, भरतीच्या पाण्याबरोबर खाडींतून पनवेलच्या बंदरास लागे, व तेथून खोपोलीपर्यंत जाऊन मग बोरघाट चढे. देशावरचा माल याच वाटेनें उलट दिशेनें खालीं येई आणि पनवेलीं होड्यांवर चढे. म्हणजे मुंबईकराच्या दृष्टीनें पनवेल ही चढणीची पहिली पायरी होती, तर देशावरच्या माणसाच्या दृष्टीनें ती उतरणीची शेवटची पायरी होती.

ही वाट फार जुनी. कार्ले व भाजें येथील लेणीं तिच्याच आसपास कोरलेलीं आहेत, यावरून तिच्या वयाची कल्पना येईल. परंतु जुनी असली तरी ती चाकाची वाट नव्हती. ती पायांची वाट होती. धान्य, मीठ, कापड, जें जें कांहीं घाटावरून येई-जाई, तें बैलांच्या पाठीवरून. जड वस्तु घेऊन हा घाट ओलांडणें म्हणजे काय प्रकार होता, हें इंग्रजांना १७७८ सालीं कळून आलें. राघोबादादांचा पक्ष घेऊन त्यांची फौज त्या वर्षीं नोव्हेंबरांत निघाली व पनवेलीं उतरली. तोफा, दारूगोळा आणि हजारों बैल यांच्यासह ती घाटमाथ्यावर येईपर्यंत डिसेंबर संपत आला. पुढें जानेवारींत, मराठे ज्याला 'इष्टुर फाकडा' म्हणत तो कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्यानजीक पडला. तळेगांवास पोहोंचल्यावर फौजेनें माघार घेण्याचें ठरविलें, तेव्हां जड तोफा तेथल्या तळ्यांत टाकून द्याव्या लागल्या. आणि घाटाच्या तोंडाशीं येण्यापूर्वींच मराठ्यांनीं वडगांवास गांठून इंग्रजांना तह करावयास लावलें. त्या मोहिमेचीं राजकीय कारणें निराळीं आहेत. परंतु चढतांना ओझें वर नेणें जितकें कठीण, तितकेंच तें परत खालीं आणणें कठीण असतें, हा घाटाचा धडा तींत आहेच.

पुढें १८०४ सालीं जनरल वेलस्ली यानें घाटमाथ्यापासून पनवेलपर्यंत तोफा नेण्याजोगा रस्ता करविला. तरी तो गाड्यांच्या रोजच्या रहदारीस उपयोगी नव्हता. १८२५ सालीं बिशप हेबर हा पनवेलीहून पुण्यास गेला. रस्ता रुंद व चांगला असला तरी इतका उभा आहे कीं, भरलेली गाडी त्यावरून नेणें महाकठीण, लोक पायीं किंवा घोड्यावरून चढतात आणि माल जनावरांच्या पाठीवरून जातो, अशा आशयाचें वर्णन त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत केलें आहे. शेवटीं गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दींत, १८३० च्या नोव्हेंबरांत, वळणें घेत जाणारा गाडीरस्ता खुला झाला आणि बोरघाटांत चाक खऱ्या अर्थानें फिरूं लागलें.

चाक आलें तशी त्याच्याबरोबर एक नवी भीतिही आली. बैलाच्या पाठीवरचें ओझें बैलाच्या पायांच्या वेगानेंच उतरतें. बैल थांबला कीं ओझें थांबलें. गाडीचें तसें नाहीं. सपाटीवर बैल गाडीला ओढतो, पण उतारावर गाडीच बैलाला ढकलूं लागते. जूं मानेवरून शिंगांकडे सरकतें, बैलांचे पाय घसरूं लागतात, आणि मागचें ओझें पुढच्या जनावरांच्या अंगावर येतें. अशा वेळीं गाडीवानाचा चाबूक निरुपयोगी ठरतो. घाट उतरणारा गाडीवान चाक दोरानें जखडून तें न फिरतां घसरत येईल असें करी, मागें ओंडका बांधून तो फरफटत नेई, माणसें असलीं तर त्यांना मागून दोर ओढून धरावयास लावी, आणि थांबावयाचें झालें कीं चाकाशीं दगड ठेवी. या सर्व युक्त्यांचें सार एकच: जें चाक फिरण्यासाठीं केलें, तें फिरूं न देणें.

या कामांत चाकाची किती झीज होत असेल याचा विचार केला, म्हणजे पनवेलच्या एका जुन्या धंद्याचें मर्म ध्यानांत येतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील सरकारी गॅझेटियरांत गाडीचीं चाकें तयार करणें हा पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून नमूद आहे. देशावरून येणारे गाडीवान येथलीं चाकें मजबूत व स्वस्त म्हणून विकत घेऊन जात. मधला तुंबा, त्यांत बसविलेले आरे, आऱ्यांवर जोडलेले लांकडी पुठ्ठे आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी ही रचना. धाव तापवून चढवावयाची आणि पाण्यानें निववावयाची, म्हणजे ती आकसून साऱ्या सांध्यांना घट्ट कवळते. असें चाक सपाटीवर वर्षानुवर्षें टिकेल. पण घाटांत जखडलेलें चाक खडीवरून घसरत आलें, कीं धावेची एकच बाजू झिजते आणि आऱ्यांना हिसका बसतो. पनवेलच्या सुताराला व लोहाराला गिऱ्हाईक पुरविण्यांत घाटाच्या उतरणीचा वांटा थोडाथोडका नसावा, असें मानावयास जागा आहे.

घाटांत वाटेवर शिंग्रोबाचें देऊळ आहे. शिंग्रोबा हा धनगर. आपल्या जनावरांच्या पायवाटांवरून त्यानें साहेबाला घाटांतून मार्ग दाखविला, आणि बक्षीस काय हवें असें विचारतांच देशाचें स्वातंत्र्य मागितलें म्हणून त्याला गोळी घालण्यांत आली, अशी आख्यायिका आहे. इतिहासाच्या कसोटीला ती कितपत उतरते हा प्रश्न येथें गौण आहे. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, घाटांतून जाणारे गाडीवाले या देवळापुढें गाडी मंद करीत, नाणें टाकीत व हात जोडून पुढें जात. ती चाल आजही दिसते. धोक्याच्या उतारावर मध्येंच क्षणभर वेग कमी करणें, हा या भक्तीचा एक व्यावहारिक लाभ आहे, मग तो कोणी हेतुपुरस्सर योजलेला असो वा नसो.

गाडीरस्ता होऊन पुरीं तीस वर्षें झालीं नाहींत तोंच घाटांत लोखंडी चाकें लोखंडी रुळांवरून फिरविण्याचा उद्योग सुरू झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १८५६ सालीं बोरघाटाचें काम हातीं घेतलें. जेम्स बर्कले हा तिचा मुख्य इंजिनियर. सुमारें पावणेसोळा मैलांत हा मार्ग १८३१ फूट चढतो. त्यासाठीं २५ बोगदे पाडावे लागले. आणि सर्वांत उभ्या जागीं दर ३७ फुटांस १ फूट असा त्याचा चढ आहे. १८६१ सालीं मजुरांची संख्या सुमारें ४२,००० वर गेली होती. रोगराईनें व अपघातांनीं त्यांतील किती तरी माणसें दगावलीं. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं येथें आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालवून तडीस नेलें. १८६३ सालीं मार्ग खुला झाला.

वर जाण्यासाठीं इंजिनाची ताकद वाढवितां येते. एक इंजिन पुरेना तर दुसरें जोडतां येतें. खरी काळजी होती ती खालीं येणाऱ्या गाडीची. रूळ गुळगुळीत, चाकही गुळगुळीत, आणि मागें शेंकडों टनांचें ओझें. त्या काळीं साऱ्या डब्यांना एकदम लागणारे ब्रेक नव्हते. म्हणून बर्कलेच्या हाताखालच्या मंडळींनीं जो उपाय योजला, तो मोठा विचार करण्यासारखा आहे. उतरणीवर ठराविक जागीं मुख्य मार्गाला एक आंखूड फांटा काढला. हा फांटा डोंगराच्या अंगावर उलट वर चढत जाऊन संपे. सांधा एरवीं या फांट्याकडेच लावलेला असे. उतरणारी गाडी ताब्यांत आहे, ती येथें येऊन थांबली आहे, अशी खात्री पटल्यावरच सांधेवाला मुख्य मार्ग मोकळा करी. जी गाडी थांबूं शकली नाहीं, ती आपोआप फांट्यावर चढून आपला वेग गमावून बसे. पुढें जाण्याचा परवाना थांबतां येण्यावर अवलंबून ठेवणारी ही व्यवस्था म्हणजे घाटांतील शहाणपणाचें सारच म्हटलें पाहिजे.

तरीही घाटानें आपला कर वसूल केलाच. मार्गांत एके ठिकाणीं गाडीची दिशाच उलटी करावी लागे. तेथें रूळ कड्याच्या टोंकाशीं संपत. १८६९ सालीं उतरणारी एक टपालगाडी ताब्याबाहेर जाऊन या जागेवरून पुढें गेली व मोठा अपघात झाला. ही दिशा बदलण्याची भानगड पुढें १९२९ च्या सुमारास मार्ग नवा करून काढून टाकण्यांत आली. त्याच सुमारास घाटांत विजेचीं इंजिनें आलीं. लोकांनीं त्यांना 'खेकडा' असें नांव ठेवलें. या खेकड्यांत एक अपूर्व सोय होती. उतरतांना त्यांच्या मोटारी ओझें ओढण्याऐवजीं वीज उत्पन्न करीत, ती वीज तारेंत परत जाई आणि वर चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगीं पडे. चाक जखडून बळ वायां घालविणाऱ्या गाडीवानापासून उताराचें बळ सांठवून दुसऱ्यास देणाऱ्या इंजिनापर्यंत शंभर वर्षांत घाटानें एवढी मजल मारली.

आतां सायकलीकडे वळूं. १८८५ सालीं इंग्लंडांत दोन सारख्या चाकांची व सांखळीनें फिरणारी 'रोव्हर' सायकल निघाली आणि १८८८ सालीं डनलॉपनें हवेची धांव शोधली, तेव्हां आजच्या सायकलीचा पाया घातला गेला. त्या आरंभींच्या सायकलींत मागचें चाक व पायटे यांचा संबंध सुटत नसे; चाक फिरलें कीं पायटे फिरलेच. म्हणून उतार लागला कीं स्वार पाय उचलून घेई आणि यंत्राला आपल्या मनाप्रमाणें धावूं देई. पायटे स्थिर ठेवून चाक मोकळें फिरविण्याची युक्ति, आणि पायटे उलटे दाबतांच मागच्या चाकाच्या तुंब्यांत लागणारा ब्रेक, या गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. हिंदुस्थानांत जी काळी, जड, टिकाऊ सायकल घरोघर रूढ झाली, तिच्या ब्रेकांना हातापासून चाकापर्यंत लोखंडी दांड्या असत आणि रबराचे तुकडे चाकाच्या कडेला आंतून दाबत. सपाट गांवाला हें पुरेसें होतें. पावसाळी घाटाला तें पुरेसें नाहीं. कडा ओली झाली कीं रबर घसरतें, आणि हात कितीही आवळला तरी सायकल ऐकत नाहीं.

ब्रेकावर किती भार पडतो हें एका साध्या हिशेबानें समजेल. स्वार व सायकल मिळून ९० किलो वजन धरलें, आणि खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंतची उतरण सुमारें ५०० मीटर धरली, तर तेवढें वजन तेवढें खालीं येतांना जी शक्ति मोकळी होते, ती दीड लिटर पाण्याला उकळी आणण्यास पुरेशी आहे. तिचा कांहीं भाग वारा खातो. उरलेली सारी उष्णता ब्रेकाच्या लहानशा तुकड्यांना व चाकाच्या कडेला सोसावी लागते. ब्रेक एकसारखा दाबून धरणाराचें चाक तापत जातें, आणि ऐन वळणावर त्याला जेव्हां खरा आधार हवा असतो, तेव्हां तो मिळत नाहीं.

हाच अनुभव दूर अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील कांहीं तरुणांना आला, आणि त्यांतून एका नव्या खेळाचा जन्म झाला. सॅन फ्रान्सिस्कोजवळ मॅरिन परगण्यांत फेअरफॅक्स नांवाचें गांव आहे. त्याच्या वरच्या डोंगरांत वणवा विझविणाऱ्यांसाठीं केलेला एक कच्चा रस्ता आहे. सुमारें दोन मैलांत तो १३०० फूट खालीं येतो. आपल्या बोरघाटाच्या गाडीरस्त्याचा उतार ठोकळमानानें दर चोवीस फुटांस एक फूट पडतो. हा दर साडेआठ फुटांस एक फूट. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं या रस्त्यावर पहिली शर्यत झाली. वर्तमानपत्रें टाकणाऱ्या पोरांनीं वापरून टाकलेल्या, जाड धांवांच्या जुन्या सायकली घेऊन ही मंडळी आली होती. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या तुंब्यांत असे. एक वेळ डोंगर उतरला कीं तुंबा इतका तापे, कीं आंतील वंगण जळून त्याचा धूर निघे, आणि पुन्हां शर्यतींत उतरण्यापूर्वीं तुंबा खोलून नव्यानें वंगण भरावें लागे. यावरूनच त्या रस्त्याला 'रीपॅक', म्हणजे पुन्हां भरणें, असें नांव पडलें. पहिल्या शर्यतींत ॲलन बाँड्स पहिला आला. पुढें गॅरी फिशर यानें ४ मिनिटें २२ सेकंदांत तो उतार संपविला. जो ब्रीझ याची सर्वोत्तम वेळ त्याहून अवघे दोन सेकंद अधिक होती. चार्ली केली हा शर्यतींची व्यवस्था पाही व वेळ टिपून ठेवी.

जी शर्यत जळक्या वंगणाच्या नांवानें प्रसिद्ध झाली, तिच्यांतून सुधारणा निघाल्या त्या मुख्यतः आवरण्याच्या व सोसण्याच्याच साधनांत, यांत नवल नाहीं. १९७७ सालीं जो ब्रीझ यानें डोंगरासाठीं म्हणून मुद्दाम नवा सांगाडा बनविला. १९८१ पासून अशा सायकली कारखान्यांतून मोठ्या संख्येनें निघूं लागल्या. १९८९ च्या सुमारास पुढच्या चाकाचे धक्के सोसणारी दुभागी निघाली. पुढें मागच्या चाकालाही तशी सोय आली. आणि चाकाच्या कडेला दाबणाऱ्या रबराच्या जागीं मोटारीप्रमाणें तुंब्याजवळच्या पोलादी तबकडीला धरणारे ब्रेक आले. तबकडी चिखलापासून दूर राहते व उष्णता लवकर वाऱ्यावर सोडते, हा त्यांतील फायदा. १९९० सालीं अमेरिकेंतील ड्युरँगो येथें डोंगरी सायकलींच्या जागतिक अजिंक्यपदाच्या पहिल्या अधिकृत शर्यती झाल्या. उताराच्या शर्यतींत पुरुषांत अमेरिकेचा ग्रेग हर्बोल्ड व स्त्रियांत कॅनडाची सिंडी डिव्हाइन हीं विजयी झालीं. १९९६ सालीं डोंगरी सायकल ऑलिंपिकमध्यें गेली; परंतु तेथें प्रवेश मिळाला तो चढउतारांच्या लांब शर्यतीला. केवळ उताराची शर्यत तेथें नाहीं. चढणाराकडे झुकणारें जगाचें माप येथेंही दिसून येतें.

या शर्यतीचे नियम पाहिले म्हणजे, ती केवळ बेफाम धांवण्याची चढाओढ आहे हा समज टिकत नाहीं. घाटांतून सारे स्वार एकदम सुटत नाहींत. प्रत्येकाला कांहीं अंतरानें एकट्यालाच सोडतात, आणि त्याची लढत घड्याळाशीं असते. शेजाऱ्याला ढकलून पुढें जाण्याचा प्रसंग येत नाहीं. शर्यतीपूर्वीं वाट पायीं चालून पाहिली जाते. कोठें मूळ वर आलें आहे, कोठें दगड सुटा आहे, कोणत्या वळणाला बाहेरून शिरावें, याचा अभ्यास होतो. मग सावकाश सराव, आणि शेवटीं वेळ लावून उतार. तोंड, हनुवटी झांकणारें शिरस्त्राण सक्तीचें. गुडघे, कोंपरें व पाठ यांनाही कवच. वाट दोरांनीं आंखलेली व इतर सर्वांना बंद.

आणि जिंकणारा जिंकतो तो कशानें? नवशिका वळणांत शिरल्यावर ब्रेक दाबतो. तेथें चाकाला वळणेंही पाहिजे असतें व थांबणेंही, दोन्ही कामें त्याला एकदम होत नाहींत आणि तें निसटतें. कसलेला स्वार वळणापूर्वींच, वाट सरळ असतांना, जोरानें व थोडाच वेळ ब्रेक लावतो. वळणांत चाक मोकळें सोडतो आणि बाहेर पडतांना वेग घेतो. अंग मागें व खालीं, नजर चाकापुढील दगडावर नव्हे तर पुढच्या वळणावर. सेकंदाचे जे तुकडे तो वांचवितो, ते अधिक धांवून नव्हे, योग्य जागीं आवरून. जुन्या गाडीवानाला चाक कोठें जखडावयाचें व कोठें सोडावयाचें हें जसें कळे, तसेंच हें आहे. अंतर एवढेंच कीं, गाडीवानाला चूक झाली तर बैल गमवावे लागत, आणि स्वाराला हाडें मोडून घ्यावीं लागतात.

येथें पनवेलच्या तरुणांपुढें एक खरा प्रश्न उभा राहतो. गावांत व आसपासच्या वसाहतींत डोंगरी सायकली पुष्कळ झाल्या आहेत, आणि उतार तर दाराशींच आहेत. परंतु उतार असणें आणि उताराची शर्यत करण्याजोगी वाट असणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत. बोरघाटाचा रस्ता हा मालमोटारींचा व एस. टी. गाड्यांचा रस्ता आहे. २००२ सालीं पूर्ण झालेला द्रुतगति महामार्ग व जुना रस्ता घाटाच्या कांहीं भागांत एकत्र येतात, आणि द्रुतगति मार्गावर दुचाकींना मज्जावच आहे. घाटांत तापलेल्या ब्रेकाच्या मालमोटारीपुढें सायकलीचा वेग अजमावणें हें साहस नव्हे. चढणाऱ्या शर्यतीला सार्वजनिक रस्ता कांहीं तास बंदोबस्तानें देतां येतो. चढणारा पडला तरी जागच्या जागीं पडतो. उतरणाऱ्याचें पडणें दुसऱ्यालाही घेऊन जातें. 'घाटाचा राजा' चढणारालाच कां म्हणावें, याचें एक समर्पक उत्तर येथें मिळतें: सर्वांच्या रस्त्यावर जी गोष्ट निर्धोकपणें करतां येते, तिलाच लोक किताब देतात.

रस्ता सोडून डोंगरांत शिरावें, तर तेथेंही वाट कोणाची हें आधीं पाहिलें पाहिजे. कर्नाळ्याचा परिसर हा १९६८ पासून पक्ष्यांसाठीं राखलेला आहे. प्रबळगडाच्या व माथेरानच्या उतरणीवर ज्या पाऊलवाटा आहेत, त्या ठाकुरांच्या वाड्यांच्या रोजच्या वाटा आहेत. डोक्यावर मोळी किंवा भाजीची पाटी घेऊन वर येणारी बाई आणि वरून सुटलेली सायकल यांची गांठ एका वळणावर पडली, तर त्यांत कोणाची चूक, हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाहीं. शिवाय पावसाळ्यांत याच वाटा ओढ्याचें रूप घेतात. चाकांनीं त्या खणल्या गेल्या तर माती वाहून जाते आणि वाट उरत नाहीं. म्हणून ज्यांना या खेळाची खरी आवड आहे, त्यांनीं वनखात्याची व गांवकऱ्यांची संमति घेऊन, एखादी निरुपद्रवी टेंकडी निवडून, तिच्यावर स्वतंत्र वाट आंखावी, आणि तिच्या खालच्या टोंकास वेग जिरविण्यापुरती उलटी चढण ठेवावी. रीपॅकच्या मंडळींना जें अनुभवानें समजलें व जें बोरघाटांत रेल्वेनें १८६३ सालींच करून ठेवलें होतें, त्याहून ही सूचना वेगळी नाहीं.

बैलांच्या पाठीवरचें ओझें, दोरानें जखडलेलें लांकडी चाक, सांधेवाल्याच्या हातांतील आडफांटा, वीज परत करणारा खेकडा आणि तबकडीच्या ब्रेकावर बोट ठेवलेला स्वार, ही एकाच घराण्याची वंशावळ आहे. यांतील प्रत्येकानें घाटाशीं झुंज दिली ती वेग वाढवून नव्हे, वेगावर आपली सत्ता ठेवून. पनवेलच्या कारागिरांनीं देशावरच्या गाड्यांना जीं चाकें पुरविलीं, तीं मजबूत म्हणून नांवाजलीं गेलीं, वेगवान म्हणून नव्हे. कारण गिऱ्हाईकाला शेवटीं हवें होतें तें एवढेंच, कीं गाडी, बैल आणि गाडीवान हे तिन्ही खालच्या गांवीं धडपणें पोहोंचावेत. उताराच्या शर्यतीला जर कधीं आपल्याकडे राजपद द्यावयाचें झालें, तर तें अशाच स्वाराला द्यावें, जो सर्वांआधीं खालीं आला आणि ज्याला हव्या त्या जागीं थांबतां आलें.